अल्टिमीटरला जमीन दिसत नाही

समजा, जूनच्या दुपारी ग्वाल्हेरच्या थाटीपुरात गच्चीवर उभं राहून तुम्ही मोबाइलमधला बॅरोमीटर पाहिलात. आकडा 975 च्या आसपास आहे. त्याच वेळी महाराजपुऱ्याच्या विमानतळाचा हवामान अहवाल उघडलात, तर त्यात ‘क्यू 0998’ लिहिलेलं आहे. मग खोटं कोण, मोबाइल की विमानतळ?

दोघंही खरं बोलतायत. थाटीपूर समुद्रसपाटीपासून साधारण 200 मीटर उंच आहे, आणि तेवढी चढण आली की दाब 23 हेक्टोपास्कलनी कमी होतो. मोबाइल गच्चीवरचा दाब सांगतो. विमानतळाने तोच हिशेब समुद्रसपाटीवर उतरवून दिलेला असतो. या शहरातून गुना, सागरजवळचं ढाना, बारामती किंवा गोंदिया इथे विमान शिकायला निघालेल्या मुलांना हा फरक पहिल्या आठवड्यातच पक्का व्हायला हवा. तो झाला नाही, तर पुढचं सगळं पाठांतर होऊन बसतं.

कारण मूळ गैरसमज याच्याही मागे आहे: ‘अल्टिमीटर उंची मोजतो.’ मोजत नाही. त्याच्या पोटात हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी असते. वर जाताना बाहेरचा दाब उतरतो, डबी किंचित फुगते आणि ती हालचाल दांड्या-चाकांमधून काट्यापर्यंत पोहोचते. तबकडीवर हेक्टोपास्कलऐवजी फूट छापलेत, एवढंच. ते फूट एका कल्पित हवेचे आहेत: समुद्रसपाटीला 1013.25 हेक्टोपास्कल दाब, 15 अंश सेल्सिअस तापमान आणि दर हजार फुटांना जवळपास दोन अंशांची घट. खालच्या थरात एक हेक्टोपास्कल म्हणजे अदमासे 28 फूट. ग्वाल्हेरची हवा अशी कधीच नसते, म्हणून नॉब फिरवून, छोट्या खिडकीत त्या वेळचा दाब आणून यंत्राला रोज ताळ्यावर आणावं लागतं. 1928 च्या सुमारास पॉल कोल्समन यांनी अचूक अल्टिमीटर बनवला. दाबाचा आकडा दाखवणाऱ्या त्या छोट्या खिडकीला आजही त्यांचंच नाव आहे.

पुढचा गैरसमज: ‘विमान जमिनीवर आहे, म्हणजे काटा शून्यावर हवा.’ क्यूएफई, म्हणजे धावपट्टीवरचाच दाब, लावलात तर शून्य दिसेल. आपल्याकडे टॉवर सांगतो तो क्यूएनएच. तो लावल्यावर ग्वाल्हेरच्या धावपट्टीवर काटा 617 फुटांच्या आसपास यायला हवा, कारण विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची तेवढी आहे. पुण्यात लोहगावला तो 1,942 दाखवेल. क्यूएनएच म्हणजे नेमकं हे: जो आकडा लावल्यावर धावपट्टीवर धावपट्टीचीच उंची दिसते, तो आकडा. अहवालात तो पूर्णांकात देताना नेहमी खालच्या बाजूला उतरवतात, 998.9 असला तरी 998. त्यामुळे काटा किंचित कमी दाखवतो आणि विमान प्रत्यक्षात थोडं वर असतं. चूक व्हायचीच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी.

मग हा समुद्रसपाटीचा खरा दाब म्हणायचा का? तसंही नाही. विमानतळावर मोजलेला दाब खाली उतरवताना क्यूएनएच त्याच कल्पित, 15 अंशांच्या हवेचा नियम वापरतो. हवामान नकाशासाठी दाब उतरवताना खरं तापमान धरतात. तापलेली हवा हलकी, म्हणून जूनमध्ये ग्वाल्हेरचा नकाशातला आकडा क्यूएनएचपेक्षा दोनेक हेक्टोपास्कलनी कमी येऊ शकतो. नकाशावरचा आकडा अल्टिमीटरला लावायचा नसतो, तो यामुळे.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र एका पाठ केलेल्या ओळीने होतो: ‘हाय टू लो, लुक आउट बिलो.’ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे किंवा उष्ण हवेकडून थंड हवेकडे गेलात, तर काटा दाखवतो त्यापेक्षा तुम्ही खाली असता. ओळ खरी आहे. पण ती ज्या हवेत जन्मली, तिथे दाब उतरणं आणि थंडी वाढणं बऱ्याचदा हातात हात घालून येतात. आपल्याकडे उलटं चालतं. राजस्थान आणि पाकिस्तानवरची जमीन तापली की तिथे उष्णतेचा न्यूनदाब तयार होतो, आणि जानेवारीत 1015 च्या वर असणारा ग्वाल्हेरचा दाब जूनमध्ये 1000 च्या खाली येतो. म्हणजे दाब कमी असतो तेव्हाच तापमान 45 अंशांना टेकलेलं असतं.

आता त्या ओळीचे दोन भाग एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. समजा क्यूएनएच 998 आहे आणि खिडकीत चुकून 1013 राहिले. पंधरा हेक्टोपास्कलचे 420 फूट काट्यात जास्त दिसतील. विमान तितकं खाली. ही चूक नॉब फिरवला की जाते. उष्णतेची चूक तशी जात नाही. क्यूएनएच बरोबर लावून तुम्ही धावपट्टीपासून 2,000 फूट वर आहात असं काटा सांगतो, तेव्हा त्या लू वाहणाऱ्या दुपारी प्रत्यक्षात दोनशेहून जास्त फूट आणखी वर असता, कारण फुललेल्या हवेत तेवढाच दाब उतरायला जास्त उंची लागते. उतरत उतरत धावपट्टीवर आलात की ही चूक आपोआप शून्य होते. एक चूक हाताने दुरुस्त होणारी, दुसरी केवळ ओळखून असण्याची. परीक्षेच्या पुस्तकांनी या दोन्ही एका ओळीत बांधायला नको होत्या, असं माझं मत.

पुस्तकं आणखी एक गोष्ट घाईत उरकतात. ‘दाब उतरायला लागला म्हणजे वादळ येतंय.’ उष्ण कटिबंधात दाब रोजच दोनदा चढतो आणि उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. आपल्याकडे दहा ते चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कलचा उतार अगदी स्वच्छ आकाशातही होतो. सकाळी लावलेला क्यूएनएच तसाच ठेवून दुपारी परतलात, तर शंभर फुटांचा फरक काहीही न बिघडता पडलेला असतो.

1013 बद्दलही एक समजूत आहे, की तो ‘आजचा’ किंवा ‘सरासरी’ दाब म्हणून लावायचा. तो फक्त सगळ्यांनी मान्य केलेला समान आकडा आहे. ठरवून दिलेल्या एका उंचीच्या, म्हणजे ट्रान्झिशन अल्टिट्यूडच्या, वर प्रत्येक विमान तोच लावतं, म्हणून चूक सगळ्यांची सारखी होते आणि दोन विमानांमधलं अंतर शाबूत राहतं. खाली उतरताना मात्र जमीन मध्ये येते, आणि जमीन 1013 मानत नाही.

दहा हेक्टोपास्कलने काय होतं ते पॅरिसने दाखवलं. 23 मे 2022 रोजी शार्ल द गोल विमानतळावर पावसात उतरणाऱ्या एका एअरबस ए-320 ला नियंत्रकाने 1001 ऐवजी 1011 सांगितलं. विमान ज्या पद्धतीने उतरत होतं, तिच्यात खाली येण्याचा मार्ग अल्टिमीटरवर बेतलेला होता. काट्याप्रमाणे सगळं जागच्या जागी, प्रत्यक्षात विमान जवळपास 280 फूट खाली. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं, तेव्हा ते धावपट्टीच्या अलीकडे दीडेक किलोमीटरवर जमिनीपासून सहा फुटांवर आलं होतं. सहा फूट! ऐकलेला आकडा अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहायचा तो यासाठी.

राहिली दमट हवा. पावसाळ्यात हवा ‘जड’ होते असं घरोघरी म्हणतात. पाण्याच्या वाफेचा रेणू 18 वजनाचा, कोरड्या हवेची सरासरी 29. दमट हवा उलट हलकी असते आणि पंखांना व इंजिनाला कमी जोर देते. त्याहून मोठा मार उष्णतेचा. 998 दाब आणि 45 अंशांत 617 फुटांवरची ग्वाल्हेरची धावपट्टी विमानाला साडेचार हजार फुटांच्या वरची वाटते. उड्डाणाला लागणारी धाव लांबते, चढण मंदावते, आणि क्यूएनएच कितीही अचूक लावला तरी यात काही बदलत नाही. त्यासाठी विमानाच्या पुस्तिकेतला तक्ता काढायचा. खिडकीत 1013 आणून काट्यावरची दाब-उंची वाचायची, बाहेरचं तापमान घ्यायचं आणि तक्त्यात धावेचं अंतर शोधायचं. वाचून झाल्यावर क्यूएनएच परत लावायला विसरलात, तर विमान जागेवर उभं असतानाच काटा 420 फूट जास्त दाखवत राहील.