संगणक मुका होतो तेव्हां

कळ दाबली, पंखा फिरूं लागला, दिवाहि लागला. परंतु पडदा मात्र काळाच! कचेरींतला संगणक असा एकाएकीं मुका झाला म्हणजे मनांत पहिली भीति येते ती कागदपत्रांची. वर्षभराचे हिशेब गेले कीं काय? दोष रॅमचा असेल तर ही भीति बहुधा अनाठायी असते.

संगणकाची स्मृति दुहेरी आहे. हिशेब, पत्रें, छायाचित्रें डिस्कवर राहतात. तें दप्तर होय. चालू कामाची मांडणी रॅममध्यें होते. ती केवळ पाटी. आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ सालीं ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तिचेंच तत्त्व आजच्या रॅममध्येंहि आहे. प्रत्येक खूण म्हणजे एका सूक्ष्म कोठींत सांठविलेला विजेचा अंश. ही कोठी गळकी. ती साधारणतः ६४ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हां भरावी लागते. वीज गेली कीं पाटी कोरी. परंतु पाटी फुटली म्हणून दप्तर जळत नाहीं.

मग पडदा काळा कां? कळ दाबतांच मदरबोर्डावरील मूळ आज्ञावली प्रथम प्रोसेसर व रॅम तपासते. चित्र त्यानंतर उमटतें. रॅमच मिळाली नाहीं तर तक्रार पडद्यावर लिहिण्याचीहि सोय उरत नाहीं. म्हणून ती बीप-बीप अशा आवाजानें सांगितली जाते. या आवाजांची भाषा कंपनीपरत्वें निराळी असल्यामुळें त्या बोर्डाची पुस्तिका पाहावी, शेजाऱ्याचा ठोकताळा नव्हे. अनेक नव्या बोर्डांवर आवाजाऐवजीं ‘डीरॅम’ या अक्षरांजवळ बारीक दिवा लागतो. डीडीआर-५ जातीची पट्टी नव्यानें बसविली असेल, तर पहिल्या वेळीं कांहीं मिनिटें पडदा काळा राहणें स्वाभाविक आहे. तेवढ्यांत वीज तोडणें हा निव्वळ उतावळेपणा.

पुष्कळदां पट्टी शाबूत असते, बिघडलेला असतो तो स्पर्श. डीडीआर-४ पट्टीला २८८ स्पर्शबिंदु असतात. त्यांतला एखादा महत्त्वाचा बिंदु टेकला नाहीं तरी काम अडतें. कोंकणांतील पावसाळी दमट हवा, धूळ, पेटी हलवितांना बसलेला धक्का, एवढें त्याला पुरेसें होतें. विजेची तार काढून कळ एकदां दाबावी, पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा, मग पट्टी कडांनीं धरून काढावी. सोनेरी कांठ आयसोप्रोपिल अल्कोहोलनें भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानें पुसावा. खोडरबरानें घासण्याची कारागिरांची रीत सर्वश्रुत आहे. पण जोर झाला तर मुलामा झिजतो आणि रबराचे कण खांचेंत पडतात. पट्टी पुन्हां बसवितांना खटका ऐकूं येईपर्यंत सरळ दाबावी. ती जात नसेल तर उलटी आहे किंवा दुसऱ्या पिढीची आहे. तेथें बळ कामाचें नाहीं.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, आणि तीहि पुस्तिकेंत सांगितलेल्या एकाच खांचेंत. एक चालली व दुसरी अडली, तर दुसरी सदोष. दोन्ही त्या खांचेंत अडून अन्यत्र चालल्या, तर संशय खांचेवर. एकेकट्या चालून एकत्र अडत असतील, तर त्यांचा मेळ नाहीं. वेगाची वाढीव योजना बंद करून पाहावें.

खरा घात करते ती अर्धवट बिघडलेली पट्टी. यंत्र सुरू होतें, मधेंच निळा पडदा दाखवून थांबतें, आणि कोणी तरी डिस्क पुसून सारें नव्यानें भरण्याचा सल्ला देतो. येथें मात्र दप्तर खरोखर धोक्यांत असतें. कारण डिस्कवर जाणारा मजकूर याच पाटीवरून जातो, आणि चुकीचा उतरला तर तसाच लिहिला जातो. अशा वेळीं पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवावा. क्रिस ब्रेडी यांनीं १९९४ मध्यें लिहिलेल्या या चांचणीच्या नव्या आवृत्त्या आजहि मिळतात. नेहमींच्या वेगावरहि एक चूक दाखविली गेली, तर त्या पट्टीवर विसंबूं नये. कागदपत्रें तातडीनें हवीं असल्यास डिस्क काढून दुसऱ्या धडधाकट संगणकाला जोडावी व नक्कल घ्यावी. डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी किल्ली आधीं शोधून ठेवावी.