पाठ किती वाजता दुखते?

सकाळी ७

वॉर्डातल्या आजींच्या नडगीवर अंगठा दाबला. परवा खळगा पडायचा तो मिनिटभर भरत नव्हता, आज लगेच भरला. वजन तीन किलोंनी उतरलंय, रात्री एका उशीवर झोप लागली. हृदयाचं पंपिंग जुन्या झटक्यानंतर कमीच आहे, पण वर्षभर त्या औषधांवर व्यवस्थित होत्या. मग अचानक अंगावर सूज का आली? नातवाने पिशवीतून पुडी काढून दाखवली. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या सुट्या गोळ्या, पंधरवडाभर, सकाळ-संध्याकाळ. पुडीत डायक्लोफेनॅक होतं.

फलटणसारख्या तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून बसलं की हृदयरोग्यांची पाठदुखी सगळ्यात आधी अशी भेटते. दुखण्यापेक्षा त्यावरचा उपायच महागात पडतो. या जातीच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं, लघवी होण्याच्या गोळीचा जोर कमी होतो, रक्तदाब चढतो. धडधाकट माणूस हे पचवतो, पण दमलेल्या हृदयाला तो दीड-दोन लिटरचा बोजा पेलत नाही. शिवाय झटक्याचा धोका वाढतो तो वेगळाच. आयबुप्रोफेन तर रोजच्या ॲस्पिरिनच्या आड येतं, म्हणजे स्टेंट राखायला घेतलेली गोळी पोटात जाऊनही कामाची राहत नाही. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायला आपल्याकडे 2006 साली बंदी आली, कारण मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती. गिधाडांची दखल घेतली हे उत्तमच झालं. माणसाला मात्र ते आजही चिठ्ठीवाचून मिळतं आणि ‘सुई मारा’ म्हटलं की कमरेत टोचलंही जातं.

सकाळी ९:३०

ओपीडी. पहिलाच पेशंट पन्नाशीचा शेतकरी, दोन वर्षांपूर्वी स्टेंट पडलेला. “मॅडम, छातीचं कायबी न्हाय. उसण भरलीया पाठीत.”

शर्ट काढायला लावला. डाव्या खवाट्याच्या आत बिब्ब्याचा काळा, फोड आलेला डाग. शेजारच्या वस्तीवरच्या पायाळू माणसाकडून लाथही मारून घेतली होती. म्हणजे रीतीप्रमाणे सगळं झालं होतं, उसण मात्र हलली नव्हती.

हृदयाच्या पेशंटच्या पाठीबद्दल मी कुठे दुखतं हे नंतर विचारते. आधी विचारते, किती वाजता? लोक गोंधळतात, कारण दुखण्याची जागा दाखवायची त्यांना सवय असते, वेळ सांगायची नसते. याने थोडा विचार केला. “रातीला. जेवून मोटर चालू कराया जातो तवा.” आमच्याकडे शेतीची थ्री फेज वीज रात्रीची आली की माणूस भरल्या पोटी, थंडीत, ओढ्याच्या चढाने विहिरीकडे निघतो. चढावर पाठ धरते. बांधावर पाच मिनिटं टेकलं की सुटते. वाकलं, वळलं, पोतं उचललं तर काही होत नाही.

ही उसण नव्हे. हृदयाच्या वेदनेचे तंतू मज्जारज्जूत जिथे पोचतात, त्याच छातीच्या वरच्या पातळ्यांवर हाताचे, छातीच्या भिंतीचे आणि खवाट्यांमधल्या पाठीचेही तंतू येतात. मेंदूला नेमका पत्ता लागत नाही. म्हणून कुणाचा जबडा दुखतो, कुणाचा हात, कुणाची नुसती पाठ. मधुमेही माणसांत, बायकांत आणि म्हाताऱ्यांत छाती गप्प राहण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि याला साखरही आहे.

बसल्या जागी काढलेला ईसीजी ठीक आला, जो ठीक येणारच होता. तरी टेक्निशियनला सांगून तीन चकत्या पाठीवर, डाव्या खवाट्याखाली लावून पुन्हा पट्टी काढून घेतली. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या बारा लीडमध्ये थेट दिसत नाही, समोरच्या लीडमध्ये उलटा उमटतो आणि घाईत निसटतो. तसंही काही नव्हतं. रक्तातलं ट्रोपोनिनही नॉर्मल. जिभेखालची गोळी खिशात ठेवायला दिली, औषधं वाढवली, अँजिओग्राफीसाठी साताऱ्याला पत्र दिलं. मोटर काही दिवस मुलाने चालू करायची.

“मग लाथ फुकटच खाल्ली म्हनायची,” तो म्हणाला.

सकाळी ११

एसटीतून निवृत्त झालेले चालककाका. बायपास होऊन दीड महिना झालाय. उजव्या खवाट्याच्या कडेला सतत ठणका. बायकोने कुजबुजत विचारलं, “नवीन नसा बंद पडल्या नसतील ना?”

किती वाजता? पहाटे चार-साडेचारला, उताणं पडून पडून. उठून चहा टाकेपर्यंत निम्मं कमी होतं. जिना चढताना काहीच नाही.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून दोन्ही बाजू लोखंडी चिमट्याने फाकवतात. छातीच्या आतली धमनी सोडवून घ्यायची असेल तर एक बाजू आणखी उचलावी लागते. बरगड्या पुढून उघडल्या की ताण मागे, मणक्याला जिथे त्या जोडलेल्या असतात तिथे येतो. तीन-चार तास तशा अवस्थेत गेलेले ते सांधे पुढे कित्येक आठवडे कुरकुरतात. छाती जपायची म्हणून पेशंट खांदे पुढे ओढून, खोकताना उशी कवटाळून वावरतो. मग पाठीचे स्नायूही आवळून बसतात. डिस्चार्ज कार्डावर जखमेची काळजी, पथ्य, गोळ्या सगळं लिहिलेलं असतं. ‘पाठ दुखेल, घाबरू नका’ एवढी ओळ कुणी लिहीत नाही. ती एक ओळ असती तर या नवराबायकोच्या कितीतरी रात्री निवांत गेल्या असत्या.

छातीचं हाड हललं की खट्ट वाजतंय का, जखमेतून पू येतोय का, ताप आहे का, हे पाहिलं. काही नव्हतं. खांदे मागे फिरवण्याचे व्यायाम दाखवले, गरम शेक आणि पॅरासिटामॉल दिलं. वजन उचलायला अजून बंदी. काकांना घागर उचलायची नव्हतीच, नातीला उचलायचं होतं. ती तेरा किलोंची आहे. म्हटलं, तुम्ही खाली बसा, ती मांडीवर येऊन बसेल.

दुपारी १२:१५

शाळेतल्या बाई. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करून तीन महिने, आणि ‘तेव्हापासून’ पाठ, मांड्या, सगळं दुखतंय. व्हॉट्सॲपवर वाचून गोळी स्वतःच बंद केली. दुखणं तसंच आहे.

स्टॅटिनने स्नायू दुखतात हे खरं आहे, क्वचित ते गंभीरही होतं. म्हणून सीपीके तपासायला पाठवलं, सोबत थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधला 2020 चा एक प्रयोग मी अशा पेशंटना हमखास सांगते. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना वर्षभर आलटूनपालटून कधी खरी गोळी, कधी दिसायला तशीच खोटी, कधी रिकामी बाटली दिली. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला त्याचा नव्वद टक्के भाग खोट्या गोळीवरही होता. बाई गणित शिकवतात, त्यांना हे पटलं. तरी ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं मी म्हणत नाही. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचं खापर चुकीच्या डोक्यावर फुटलेलं असतं. बाईंचं खापर बहुधा निवडणुकीच्या कामात वाकून भरलेल्या याद्यांवर फोडायला हवं. कमी ताकदीची दुसरी गोळी, सहा आठवड्यांनी भेट.

दुपारी १:१०

लग्नाच्या पंगतीतून उचलून आणलेला माणूस. वय अठ्ठावन्न. रक्तदाबाच्या गोळ्या ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडलेल्या. घामाने निथळतोय, स्ट्रेचरवर एका कुशीवर टिकत नाही. “पाठीत कुनीतरी कुऱ्हाड घातली.” किती वाजता हे विचारावं लागलं नाही. भावाने आपणहून सांगितलं, “मठ्ठा वाढत होते तवा. एकदम.”

ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसत होता. आमच्या तरुण डॉक्टरने गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन फ्रीजमधून काढलं होतं, ॲस्पिरिन तळहातावर तयार होती. नियमाने त्याचं बरोबरच होतं. अशा पट्टीला ते इंजेक्शन अर्ध्या तासात द्यायचं असतं, कारण अँजिओप्लास्टीची सोय इथून दोन तासांच्या आत गाठणं अवघड. पण झटक्याची कळ बहुधा चढत जाते. ही मात्र पहिल्या क्षणीच पूर्ण जोराने आली होती, आणि खवाट्यांच्या मधोमध.

“दोन्ही हातांचं बीपी घ्या.” उजवा 190, डावा 138. डाव्या मनगटाची नाडी हाताला लागेना.

इकोचं प्रोब लावलं. महाधमनीच्या मुळाशी, एरवी मोकळी दिसते तिथे, एक पातळ पडदा फडफडत होता. झडप गळत होती, हृदयाभोवती पाण्याची बारीक रेघ. महाधमनीचं आतलं अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसलं होतं. ती फाट उजव्या कोरोनरीच्या तोंडापर्यंत पोचल्यामुळे ईसीजी झटक्याचा आला होता. यात गुठळी विरघळवणारं औषध गेलं असतं तर रक्त हृदयाच्या पिशवीत भरून माणूस टेबलावरच गेला असता.

इंजेक्शन परत फ्रीजमध्ये. ॲस्पिरिन नाही, हेपॅरिन नाही. आधी वेदना उतरवायला फेंटॅनिल, मग लॅबेटॅलॉल थेंबाथेंबाने. वरचा आकडा शंभर ते एकशेवीसच्या दरम्यान, नाडी साठच्या आसपास. दर ठोक्याला भिंतीवर बसणारा दणका कमी करायचा, एवढंच इथे आमच्या हातात असतं. जुन्या नोंदी सांगतात, वरच्या भागातली फाट शस्त्रक्रियेवाचून ठेवली तर सुरुवातीच्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन जण जातात. पुण्याच्या सर्जनना फोन, 108 ला फोन, पत्रात दोन्ही हातांचे आकडे ठळक. वाटेत कुणी चांगल्या भावनेने ॲस्पिरिन देऊ नये म्हणून ‘देऊ नये’ लाल शाईने लिहिलं. दोन वाजून पाच मिनिटांनी गाडी निघाली. तरुण डॉक्टर बराच वेळ काही बोलला नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की घड्याळ बघून हात घाईला येतात, पण दुसऱ्या हाताला पट्टा बांधायला मिनिटभरच लागतं.

दुपारी ३:३०

डबा. भेंडी गार झालेली.

दुपारी ४:३०

चौतीस वर्षांची बाई, लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेली, आठ वर्षांपूर्वी कृत्रिम झडप बसवली. तक्रार कंबरदुखीची. तिन्हीत्रिकाळ दुखते, झोपलं तरी थांबत नाही. कुणीतरी वजनाचं ट्रॅक्शन लावून पाहिलेलं, दोनदा पाच-पाच दिवस अँटिबायोटिकही दिलेलं. सासू हळूच म्हणाली, “संध्याकाळी कणकण असते. रोज नाही.”

जिची वेळच नाही, जी विश्रांतीलाही जुमानत नाही, त्या पाठदुखीची मला सगळ्यात धास्ती वाटते. कृत्रिम झडप, अधूनमधून ताप आणि अशी कंबर म्हणजे झडपेला जंतुसंसर्ग झालाय असं धरूनच चालायचं. तिथून जंतू रक्तावाटे मणक्यातही घर करतात. नखांखाली पाहिलं तर दोन बारीक काड्या टोचल्यासारख्या लाल रेघा.

इथे अर्धवट अँटिबायोटिकने मोठं नुकसान होतं. ताप दबतो, जंतू रक्ताच्या तपासणीत उगवत नाहीत, आणि कुठल्या शत्रूवर सहा आठवडे औषध चालवायचं तेच कळेनासं होतं. तिला भरती केलं. औषधाचा थेंब जाण्याआधी वेगवेगळ्या जागांहून तीन वेळा रक्त काढायचं, हे सिस्टरना दोनदा बजावलं. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीवर असल्याने आयएनआर. तो भरमसाट वाढला असता तर कमरेच्या स्नायूत रक्तस्राव हेही एक कारण निघालं असतं, पण 2.9 आला, हवा तितकाच. सासूबाईंना कुणी सांगितलं होतं की लोखंडी झडप असल्यावर एमआरआय चालत नाही. आताच्या बहुतेक झडपा आणि स्टेंट एमआरआयला चालतात, झडपेचं कार्ड सोबत आणायचं.

संध्याकाळी ७

संध्याकाळची ओपीडी भरभर. साखर कारखान्याच्या काट्यावर बसणारे, पिको-फॉलवाल्या वहिनी, दुधाच्या कॅनवाला. सगळे हृदयाचे जुने पेशंट, सगळ्यांची पाठ दुखते, आणि सगळ्यांची पाठच दुखते. बसून, वाकून, उचलून. हृदयरोग झाला म्हणून मणके झिजायचे थांबत नाहीत. उलट झटक्यानंतर लोक भीतीने चालणं सोडतात, पाठ आखडते, आखडलेली पाठ दुखली की पुन्हा हृदयाची भीती. काट्यावरच्या दादांना रोजची वीस मिनिटं चालायला लावलं. त्यांना ते औषध वाटलं नाही. “एखादी तपासणी तरी लिहा,” म्हणाले. लिहिली नाही.

रात्री ९:४०

पुण्याहून फोन आला. पेशंट पोचला, सीटी झालं, फाट वरच्या भागातच आहे, थिएटरमध्ये घेतलंय. त्याचा धाकटा भाऊ इकडेच होता, त्याचाही फोन आला. रडत नव्हता, विचारत होता, “आमचे वडीलबी असंच पाठ दुखून गेले. आम्हा दोघा भावांना काय करावं लागंल?” हे दुपारी कुणाच्याच तोंडून निघालं नव्हतं. महाधमनीचा हा दोष काही घराण्यांत चालत येतो, म्हणून सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांचा रक्तदाब आणि महाधमनीची रुंदी पाहावी लागते. उद्या साडेआठला दोघांनी यायचं, विडी-तंबाखू आजपासून बंद.

“उपाशीपोटी यायचं ना मॅडम?”

“नाही. इकोला जेवून आलात तरी चालतं. बीपीची गोळी असेल तर ती घेऊन या, म्हणजे पोटात घेऊन.”