लेक संन्यास घेते म्हणाली, तर

पदवी झालेली लेक एक दिवस म्हणते, ‘मला लग्न नाही करायचं, मला भिक्खुणी व्हायचंय.’ घर हुडकेश्वरचं असो की मिरजेचं, आई रडते, वडील अबोला धरतात, मामा घाईघाईनं स्थळ आणतो. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: लोक काय म्हणतील?

याच धास्तीपायी सतराव्या शतकात एका मुलीच्या जिवावर बेतलं होतं. वेणाबाईचं माहेर कोल्हापूरचं, सासर मिरजेचं. कोवळ्या वयात वैधव्य आलं. रामदासी परंपरा सांगते, की तुळशीपाशी एकनाथी भागवत वाचत असताना भिक्षेला आलेल्या समर्थ रामदासांशी तिची भेट झाली. पुढे कोल्हापुरात ती त्यांच्या कीर्तनाला जाऊ लागली. कुजबुज वाढली आणि घरच्यांनीच तिला विष दिलं. ती वाचली आणि समर्थांबरोबर निघून गेली. जिथलं सासर सुटलं, त्याच मिरजेत पुढे ती मठपती झाली. तिनं उभं राहून कीर्तन केलं, ‘सीतास्वयंवर’ लिहिलं. १६७८ साली सज्जनगडावर तिनं देह ठेवला. तिचं वृंदावन आजही तिथं आहे.

तरीही आईबापांचं दुःख खोटं नसतं. ते बुद्धांनीही मानलं. नातू राहुल श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्खू, झाला तेव्हा बुद्धांचे वडील शुद्धोदन व्याकूळ झाले आणि त्यांच्या विनंतीवरून आईवडिलांच्या संमतीशिवाय प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, न देण्याचा नियम विनयात, म्हणजे संघाच्या नियमावलीत, आला. भिक्खुणी होणारीला उपसंपदेआधी, म्हणजे पूर्ण दीक्षेआधी, दोन वर्षं शिक्षमाणा म्हणून सहा नियम पाळावे लागतात. कॅथलिक सिस्टर होणारीला किमान वर्षभर नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारी, मग निदान ३ वर्षं तात्पुरती व्रतं. कायमची व्रतं वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाहीत. मागे फिरायला वाव या परंपरांनीच ठेवलाय. कायद्याच्या लेखी मात्र १८ पूर्ण झालेल्या मुलीचा निर्णय तिचाच. तिला खोलीत कोंडणं हा गुन्हा आहे.

म्हणून भांडण्याऐवजी विचारा. ती जाणार आहे तिथं आजारपणात कोण बघतं? शिक्षण पुढे चालतं का? घरी फोन करता येतो का? सोडायचं झालं तर कुणी अडवतं का? स्वतः जाऊन तिथल्या जुन्या साध्वींशी बोला. उत्तरं टाळली गेली, तर तुमचा विरोध रास्त आहे. तो तिच्यापुढे स्पष्ट मांडा. सरळ उत्तरं मिळाली, तर तिला जाऊ द्या. आणि कधी परत यावंसं वाटलं तर टोमणा न मारता घरात घेऊ, हे तिला आजच सांगून ठेवा.