डेकोरेशन आणि लाइव्ह प्लँट एकत्र विका, पण आधी हे वाचा

अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकायचं मनात असेल, तर एक साधा हिशोब बघा. प्लॅस्टिकचा किल्ला एकदा विकला की तेच गिऱ्हाईक दुसरा किल्ला घ्यायला सहसा येत नाही. खरं झाड जगलं, तर ते खत, चांगला लाइट, आणखी झाडं घ्यायला परत येतं. आणि झाड कुजलं तर? टँक माळ्यावर जातो आणि गिऱ्हाईकही गेलं.

म्हणून नवीन गिऱ्हाइकाला सुरुवात अनुबियास किंवा जावा फर्नने करून द्या. कमी उजेडात जगतात, सीओटू सिलिंडर लागत नाही. पण यांचं आडवं जाड खोड, ज्याला राइझोम म्हणतात, ते ग्रॅव्हलमध्ये पुरलं की कुजतं. घरी नेऊन लोक नेमकं तेच करतात, कारण झाड म्हणजे पुरायचंच असतं असं आपल्या डोक्यात बसलंय! राइझोम लाकडावर किंवा दगडावर दोऱ्याने बांधायचा. मग डेकोरेशन हीच झाडाची कुंडी होते.

तुमची कमाई इथेच आहे. समजा लाकूड २०० रुपयांना आणि झाड १५० ला सुटं विकता. तेच बांधून दुकानातल्या टँकमध्ये एक-दोन महिने ठेवलं, मुळांनी लाकूड धरलं, की तयार पीस ५०० ला मागायला हरकत नाही. गिऱ्हाइकाने फक्त ठेवायचा, पुरायचं काही नाही.

दगड निवडताना व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे. पाण्याचा जडपणा वाढत राहणार. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले याच कारणासाठी टाळा, विशेषतः बोअरचं पाणी आधीच जड असेल तिथे. आपला काळा बेसाल्ट चांगला चालतो. मात्र त्यात पांढरे स्फटिक दिसले तर त्यांच्यावरही थेंब टाकून बघा, ते कॅल्साइट असू शकतात.

लाकूड बुडेपर्यंत भिजवून मगच विका. पाण्याला चहासारखा रंग येतो, त्याने माशांना त्रास नाही; पण हे विकतानाच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला. क्रिप्टोकोरिन विकत असाल तर तेही सांगा: नवीन टँकमध्ये पानं विरघळतात, पण मुळं शाबूत असली तर पुन्हा फुटतात. उपटून फेकू नका म्हणावं.

गोल्डफिश असेल तर मऊ पानांची झाडं विकूच नका, फस्त होतात. अनुबियासची जाड पानं बहुतेक वेळा वाचतात. बीटा असेल तर प्लॅस्टिकच्या डेकोरेशनच्या कडांवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा. मोजा अडकला, तर पंखही फाटणार.

मांडणीत किल्ला मधोमध नको, एका बाजूला ठेवा आणि त्याची सावली झाडांवर पडू देऊ नका. लाइट रोज ६ ते ८ तास, शक्यतो टायमरवर. टँक खिडकीच्या उन्हात ठेवला की डेकोरेशनवर हिरवं शेवाळ चढतं आणि नाव तुमच्या दुकानाचं खराब होतं. लाइटचे तास आणि ‘राइझोम पुरू नये’, एवढं बिलाच्या मागे छापून घ्या.