पडद्यावरची शेती : एक जुना पण गोड खेळ



खते, बियाणे आणि कीड-रोग यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज विषय जरा निराळा आहे. आज व्हिडिओ गेमविषयी बोलायचे आहे. ‘साहेबांना काय झाले’ म्हणून पान उलटू नका. ज्या खेळाची हकिगत सांगणार आहे त्यात बियाणे आहे, गाय आहे, वादळ आहे आणि पडीक रान वहितीला आणण्याची खटपटही आहे.

हा खेळ जपानमधला. तिकडचे नाव ‘बोकुजो मोनोगातारी’, इंग्रजीत तो ‘हार्वेस्ट मून’ या नावाने गेला. १९९६ साली निन्टेन्डो कंपनीच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी तो निघाला. हे यंत्र टीव्हीला जोडायचे आणि त्यात खेळाची कॅसेट बसवायची. खेळाचे कर्ते यासुहिरो वादा हे मूळचे खेड्याकडचे, पुढे टोकियोत नोकरीला आलेले. त्या वेळी बाजारात मारामारीचे खेळ उदंड होते. वादा यांनी मात्र ज्यात कोणाशी लढायचेच नाही असा खेळ केला.

गोष्ट अगदी साधी. आजोबांची शेती पडीक पडली आहे. आईवडील ती तरुण मुलाच्या स्वाधीन करतात आणि अडीच वर्षांनी येऊन काय केलेस ते पाहू, असे सांगून जातात. रान म्हणजे नुसते दगड, बुंधे आणि तण. विळ्याने तण कापायचे, हातोड्याने दगड फोडायचे, कुऱ्हाडीने बुंधे काढायचे, मग कुदळ चालवायची आणि पेरल्यावर झारीने पाणी घालायचे. पाऊस आला तर त्या दिवशी पाण्याची सुट्टी. आणि एका दिवसात सगळे रान मोकळे करायला गेलात तर गडी दमून खाली बसतो! हे पाहून मला फार बरे वाटले. खेळ करणाऱ्याला अंगमेहनत म्हणजे काय हे ठाऊक असले पाहिजे.

आता पिकांकडे वळू. वर्षाचे चार हंगाम, प्रत्येक तीस दिवसांचा. वसंतात सलगम आणि बटाटा, उन्हाळ्यात मका आणि टोमॅटो. त्यापुढे पानगळ आणि हिवाळा या दोन हंगामांत पेरणी नाही. बियाण्याची एक पिशवी नऊ चौकोनांत पडते. पिशवी दोनशेची. सलगम नगाला साठ या भावाने जातो, म्हणजे पाचशे चाळीस. बटाटा ऐंशीने, म्हणजे सातशे वीस. पण बटाट्याला दिवस जास्त लागतात आणि तितके दिवस पाणीही जास्त. मका-टोमॅटोचे बियाणे महाग, मात्र एकदा लावले की तोडा पुन्हा पुन्हा मिळतो. सहावी-सातवीतला मुलगा हा हिशोब मांडू लागला की त्याचे गणित आपोआप घासले जाते.

बाजाराचे म्हणाल तर माल पेटीत टाकायचा, संध्याकाळी पाचला माणूस येऊन घेऊन जातो. अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, आणि आवक कितीही वाढली तरी भाव पडत नाही. असा बाजार आपल्याला कुठला! पिकावर कीड नाही, खताची गरज नाही. कृषी पदवीधर म्हणून मी या शेतीला फार गुण देणार नाही.

जनावरांचा भाग मात्र उत्तम साधला आहे. गाय विकत घ्यायची तर आधी वैरणीसाठी गवत लावून, कापून साठवावे लागते. तिला रोज चारा, रोज खरारा, रोज जवळ जाऊन बोलणे. जिव्हाळा वाढला की दूध वाढते. चारा चुकला तर गाय आजारी पडते, दुर्लक्ष झाले तर दगावतेसुद्धा. पिकाविना असलेले दोन हंगाम दूध आणि अंडी यांवरच निघतात. घरच्या टीव्हीवर हवामानाचा अंदाज लागतो आणि उन्हाळ्यात एखादे वादळ उभे पीक झोपवते. निव्वळ पिकावर विसंबू नका, जोडधंदा ठेवा, असे आम्ही सभांमधून सांगत आलो. तेच हा खेळ शब्दही न बोलता गळी उतरवतो.

आता या विषयाकडे मी का वळलो ते सांगतो. मागे एका गावी बोंडअळीवर बैठक होती. बोलणे संपल्यावर एक माउली उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, अळीचं आम्ही बघून घेऊ. पोराच्या हातातला मोबाइल काढून घ्यायचा का नाही, तेवढं सांगा.” त्यांच्या मुलाने बंदुकीच्या खेळातल्या सोंगासाठी कपडे घेतले होते, आणि पैसे गेले होते वडिलांच्या खात्यातून. ते पैसे बियाण्यासाठी ठेवलेले होते.

माउलींना नुसते ‘काढून घ्या’ म्हणणे सोपे होते. पण खेळ आणि खेळ यांत फरक आहे. २००९ साली निघालेला ‘फार्मव्हिल’ घ्या. तोही शेतीचाच, फेसबुकवर कोट्यवधी लोक खेळत. त्यात स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जाई. म्हणजे माणूस घरी असो की लग्नात, त्याने पडद्याकडे धावायचे. खेळ मालक आणि खेळणारा सालगडी! घाई नको असेल तर पैसे मोजा, ही सोय होतीच. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने तो बंद केला आणि लोकांची सगळी ‘शेती’ एका दिवसात गेली.

‘हार्वेस्ट मून’चे तसे नाही. रात्री रोजनिशीत नोंद करून यंत्र बंद करा. आठ दिवसांनी या, महिन्याने या, गाय जिथल्या तिथे उभी असते. अडीच वर्षे भरली की आईवडील येतात, शेती पाहतात आणि खेळ संपतो. कॅसेट आणि यंत्र शाबूत असेल तर तो आजही चालतो.

आपल्याकडचे जुने खेळही याच जातीचे. जत्रेत मिळणारा, सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ आठवतो? त्यातला ठोकळे रचण्याचा खेळ म्हणजे ‘टेट्रिस’. अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोच्या सरकारी संगणक केंद्रात तो केला. सात आकार, एवढेच भांडवल. आणि रात्री मोटर चालू करायला जाताना ज्या नोकिया ११०० च्या बॅटरीने आपण वाट काढली, त्याच फोनात सापाचा खेळ होता. मोटर पाणी ओढेपर्यंत दोन डाव व्हायचे, आणि वडील माणसेही हळूच खेळायची हे मी पाहिले आहे.

तेव्हा आपल्या घरापुरते काय करावे? जुने यंत्र खेड्यात मिळणे कठीण. पण ‘हार्वेस्ट मून’वरून स्फूर्ती घेऊन एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने, चार-साडेचार वर्षे खपून, २०१६ साली ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ काढला. २०१९ पासून तो अँड्रॉइड मोबाइलवरही आहे. एकदाच किंमत द्यायची, आत पुन्हा पैसे मागत नाहीत, आणि खेळायला नेट लागत नाही. मराठीत तो नाही, थोडे इंग्रजी वाचावे लागते. त्यात थोडी लढाई आहे, पण मुख्य काम शेतीचेच.

दुसरे कोणतेही खेळ मुले मागतील तेव्हा तीन गोष्टी विचारा : आत पैसे मागतो का, मध्येच ठेवता येतो का, आणि कधी संपतो का. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला आहे. कोणी गुपचूप लिंक पाठवली तरी उघडू नका. मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनात बँकेचे ॲप ठेवू नये, ठेवलेच तर त्याचा पिन घरात मोठ्याने सांगू नये. त्या माउलींच्या घरी पिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी.