विहिरीतलं जिलेटिन आणि ताटातली वडी

महाळुंगे पडवळला एका ओट्यावर मी ताकाच्या वड्यांची ताटली ठेवली. पांढऱ्या, थरथरत्या वड्या, वर जिरेपूड आणि कोथिंबीर. शेजारच्या काकूंनी एक वडी बोटाने दाबून पाहिली आणि विचारलं, "अगं, विहिरीला लावतात तेच का हे जिलेटिन?"

प्रश्न अगदी रास्त होता. आंबेगाव-जुन्नरच्या कातळात विहीर खणायची तर सुरुंग लावावा लागतो, आणि त्या सुरुंगाच्या कांड्यांना आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या 'जिलेटिनच्या कांड्या' म्हणतात. आता तोच शब्द मोबाइलवरच्या व्हिडिओंतून स्वयंपाकघरात आला आहे: जेवणाआधी जिलेटिन खा, वजन उतरेल. ऐकणाऱ्याचा गोंधळ होणारच. म्हणून सुरुवात इथूनच करते.

गैरसमज: खाण्याचं जिलेटिन आणि सुरुंगाचं जिलेटिन एकच.

नाही. आल्फ्रेड नोबेलने 1875 मध्ये नायट्रोग्लिसरीन आणि आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस एकत्र करून एक घट्ट, लगद्यासारखं स्फोटक तयार केलं. ते दिसायला जिलेटिनसारखं होतं म्हणून त्याला ते नाव पडलं. त्यात खाण्याचं जिलेटिन नसतं. मखराला लावतो तो रंगीत 'जिलेटिन कागद'ही बहुतेक वेळा वनस्पतींच्या तंतूंपासून किंवा प्लास्टिकपासून केलेला असतो. खाण्याचं जिलेटिन मात्र ज्यांच्या घरी पायाचा रस्सा होतो त्यांनी नक्की पाहिलेलं आहे. रात्री उरलेला रस्सा सकाळी पातेल्यात थिजून हलायला लागतो, ते जिलेटिन. जनावरांची हाडं आणि कातडी उकळली की त्यातलं कोलॅजन सुटून पाण्यात उतरतं आणि गार झालं की पाणी धरून ठेवतं.

गैरसमज: जेली शाकाहारीच असते.

आपल्या भागात माळकरी घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं: जिलेटिन नेहमी प्राण्यापासूनच मिळतं. 'शाकाहारी जिलेटिन' अशी वस्तू नसते. त्या नावाने जे विकतात ते अगार, कॅरागीनन किंवा पेक्टिन यांपैकी काहीतरी असतं. पाकिटावर तपकिरी खूण असेल तर ते मांसाहारी, हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी. घटकांच्या यादीत 406 हा क्रमांक अगारचा, 407 कॅरागीननचा, 440 पेक्टिनचा. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात सुटी पूड मिळते, तिच्यावर खूण नसते. ती घेऊ नये. घेतलीच असेल तर तयार वडी तोंडात ठेवून पाहा. जिलेटिनची वडी जिभेच्या उबेने विरघळते. अगारची विरघळत नाही, दाताखाली सुटी तुटते. पण माळकऱ्याने ही परीक्षा तोंडात घेऊन कशाला करायची? कोमट पाण्यात तुकडा टाकला तरी उत्तर मिळतं.

गैरसमज: चायना ग्रास हे चिनी गवत आहे.

ते गवत नाही आणि चीनचंच असतं असंही नाही. चायना ग्रास म्हणजे अगार, लाल रंगाच्या समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ. त्याचा खाण्यातला वापर रुजला तो जपानमध्ये, आणि 'अगार' हा शब्द मलय भाषेतला. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मंडपम-रामेश्वरमच्या आसपास, हे शेवाळ गोळा करून बायकांनी संसार चालवले आहेत. त्यापासून अगार काढण्याचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने विकसित केलेलं आहे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू याच महाळुंगे पडवळचे. त्यांच्या गावात 'माल कुठला?' हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. उत्तर असं की भारतात तयार झालेलं अगार मिळतं. पाकिटावर उत्पादनाचं ठिकाण वाचून घ्यावं.

गैरसमज: जिलेटिन खाल्लं की चरबी वितळते.

सगळ्यात जास्त हानी करणारा समज हा आहे, म्हणून इथे जरा थांबते. जिलेटिनमध्ये किंवा अगारमध्ये चरबी जाळणारं काहीही नाही. वडीत जे असतं ते जवळजवळ सगळं पाणी. दोन टक्के जिलेटिन घातलं तरी अर्धा लिटर पाणी थिजतं. अगार तर त्याहून कमी लागतं. पोटात जागा व्यापली जाते, थोडा वेळ भूक मंदावते आणि त्या वेळात तुम्ही शेव-फरसाण खाल्लं नाही, तर फायदा त्या न खाल्लेल्या फरसाणाचा असतो.

हे तपासूनही पाहिलेलं आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाच्या संशोधकांना जिलेटिनने भूक काही काळ जास्त मंदावते असं दिसलं होतं. पण वजन उतरलेल्या लोकांना पुढे कित्येक आठवडे जिलेटिनयुक्त आहार दिल्यावर उतरलेलं वजन टिकवण्यात त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. तो निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. अगारबद्दल जपानमध्ये 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लठ्ठपणा आणि मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्या 76 जणांचा आहार 12 आठवडे आखून दिला होता. निम्म्यांना त्यासोबत अगार मिळालं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, अगारवाल्यांचं जास्त. म्हणजे आखून दिलेल्या आहाराला अगारने हातभार लावला. मला तरी यातून एवढंच पटतं की वडी सोबतीला ठीक आहे.

जिलेटिन हेच जेवण मानण्याचे परिणाम जगाने भोगलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या रुग्णालयांत गरिबांना मांसाऐवजी हाडांच्या जिलेटिनचं सूप दिलं जाई. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने नेमलेल्या, माजांदी यांच्या समितीने 1841 मध्ये निष्कर्ष दिला की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाहीत. कारण नंतर कळलं: जिलेटिन प्रथिन आहे खरं, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतं. तरीही 1976 मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरने अशाच पातळ प्रथिनाच्या आहारावर पुस्तक लिहिलं. कातडी आणि कत्तलखान्यातल्या उरल्यासुरल्या भागांपासून केलेलं ते पेय पिऊन लोक महिनोन् महिने जवळजवळ उपाशी राहिले. पुढच्या दोन वर्षांत जवळपास 60 मृत्यूंचा संबंध अशा आहाराशी जोडला गेला. त्यातल्या कित्येकांचं हृदय अचानक बंद पडलं होतं. आज मोबाइलवर 'जेवणाऐवजी जिलेटिन' असं कुणी सांगू लागलं की मला हीच माणसं आठवतात.

गैरसमज: गावाकडे लठ्ठपणा नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या जवळपास दर पाच स्त्रियांमागे एकीचं वजन जास्त निघालं, पुरुषांचंही तसंच. ट्रॅक्टर, मोटारसायकल, घरोघरी चहासोबत बिस्किटं, संध्याकाळी भेळ: शेतातली मेहनत कमी झाली आणि तोंडीलावणं वाढलं.

गैरसमज: जेली गोडच करायची असते, तिखटमिठाची जमत नाही.

जमते. आणि वजनासाठी करायची तर तिखटमिठाचीच करावी, कारण बाजारातल्या गोड जेलीच्या पाकिटात मुख्य घटक साखर असतो.

माझं प्रमाण सांगते. पाव लिटर पाण्यात 4 ग्रॅम अगारची पूड, म्हणजे दोन लहान चमचे, थंड असतानाच मिसळायची आणि मग ढवळत दोन-तीन मिनिटं खळखळून उकळायची. इथेच बहुतेकांचं चुकतं: पाणी नुसतं गरम केलं तर अगार विरघळत नाही आणि वडी रवाळ होते. दुसरीकडे 60 ग्रॅम दही घुसळून पाव लिटर पातळ ताक करायचं. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेली हिरवी मिरची, किसलेलं आलं, कोथिंबीर आणि चिमूटभर काळं मीठ. ताक फ्रीजमधलं नको, घरातल्या हवेइतकं हवं. गार ताकात अगार ओतलं की त्याच क्षणी त्याचे दोरे होतात. उकळलेलं पाणी मिनिटभर निवू द्यायचं, ताकात धारेने ओतून ढवळायचं आणि लगेच ताटात ओतायचं. अर्ध्या तासात वड्या पडतात. ताक स्वतः उकळू नये, फाटतं. आमसुलाची किंवा टोमॅटोची वडी करायची असेल तर आंबट रस शेवटी घालावा. अगार आंबटात फार वेळ उकळलं की त्याची पकड जाते.

जिलेटिन वापरणाऱ्याने आल्याकडे लक्ष द्यावं. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा लावतात ना? पपईतला जो गुण मांसाचे धागे सैल करतो, तसाच कच्च्या आल्यात आणि अननसातही आहे, आणि तो जिलेटिनही तोडतो. वडी रात्रभर ठेवली तरी थिजत नाही. आलं उकळून घातलं तर अडचण येत नाही. अगारवर त्याचा परिणाम होत नाही.

उन्हाळ्याचंही तेच. जिलेटिन तिशी-पस्तिशीच्या तापमानाला वितळतं, वैशाखात आपल्या पत्र्याच्या घरात ते टिकणार नाही. अगार वितळायला 85 अंशांच्या आसपास तापमान लागतं. हा फरक एका गृहिणीने विज्ञानाला दाखवून दिला. रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत काम करणारे वॉल्टर हेस 1881 च्या सुमारास जिलेटिनवर जंतू वाढवत होते आणि उन्हाळ्यात जिलेटिन पातळ होत होतं. त्यांची पत्नी फॅनी घरी मुरंबा-जेलीत अगार वापरत असे. तिने ते सुचवलं, आणि आजही जगभर जंतू अगारवर वाढवतात.

गैरसमज: तिखटाने चरबी जळते.

मिरचीने अंग थोडं तापतं, पण वजनावर परिणाम नगण्य. मसाला चवीसाठी घाला.

गैरसमज: उष्मांक कमी, म्हणजे कितीही खा, कशीही करा.

वरच्या सगळ्या ताटाचे उष्मांक साधारण 50. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेवेचे 160 च्या आसपास. पण वर एक चमचा तेलाची फोडणी घातली की 40-45 वाढतात आणि ताट जवळजवळ दुप्पट होतं. खोबरं आणि तीळ घातले तर ती आपल्या मासवडीची बहीण होते. मासवडी ही या भागाची शान आहे, पाहुणा आला की ती व्हायलाच हवी. तिला 'हलकी' करायच्या भानगडीत पडू नका. ती सणाची, ही रोजच्या चार वाजताची. मिठाचंही तसंच: जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, आणि पापड-लोणच्याने आपण तिथे आधीच पोचलेलो असतो.

या ताटभर वड्यांत प्रथिनं असतात जेमतेम दोन ग्रॅम. भूक खरी असेल तर 30 ग्रॅम कुळीथ शिजवून, वाटून, लसूण-जिऱ्यासह त्याच अगारच्या पाण्यात थिजवा. उष्मांक शंभराच्या वर जातील, पण सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतील, आणि जिलेटिनपेक्षा ती चांगल्या प्रतीची.

लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्यांना मोठे, गुळगुळीत तुकडे देऊ नका, घशात अडकतात. कोरडी अगार पूड पाण्यासोबत फक्की मारून तर कधीच घेऊ नका, ती आत जाऊन फुगते. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण टाळून त्या जागी ही वडी खाऊ नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी आपल्या डॉक्टरांना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. वडी जेवणाच्या आधी किंवा दुपारच्या चहासोबत खा, आणि भाकरी-भाजी-डाळ ताटात राहू द्या.