साष्टीची हातकुऱ्हाड आणि आरेचा वाघदेव

मुंबईचा इतिहास लिहिताना बहुतेक ग्रंथ कान्हेरीच्या लेण्यांपासून, फार तर सोपाऱ्याच्या बंदरापासून प्रारंभ करतात, आणि त्यामुळे या भूमीवरील माणसाचा वावर दोन-सव्वादोन हजार वर्षांचा असावा असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात ज्याला पूर्वी साष्टी बेट म्हणत आणि आज मुंबईची उपनगरे म्हणून जे ओळखले जाते, त्या प्रदेशातील माणसाच्या खुणा लेण्यांहून कितीतरी पटींनी जुन्या आहेत. नौदलातील अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी आरे कॉलनीपासून काही किलोमीटरांवर असलेल्या कांदिवलीच्या परिसरात, ओढ्यांनी साठवलेल्या गोट्या-वाळूच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारे गोळा केली आणि १९३९ साली त्यांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या हत्यारांत हातकुऱ्हाडी होत्या. हातकुऱ्हाड म्हणजे दोन्ही बाजूंनी छिलके काढून बदामाच्या किंवा पेराच्या आकाराचे केलेले, दांडा न लावता मुठीत धरून वापरायचे दगडी हत्यार. आदिमानव जगावर वरचढ कसा झाला, या मोठ्या प्रश्नाचे एक टोक असे लोकलगाडीच्या रुळांजवळच्या मातीत सापडते.

हातकुऱ्हाडीची ही परंपरा माणसाच्या इतिहासातील सर्वांत दीर्घायुषी परंपरा होय. तमिळनाडूतील अत्तिरंपाक्कम येथे तिचे वय सुमारे १५ लाख वर्षांपर्यंत मागे गेले आहे, आणि महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या नेवाशाला व कुकडीकाठच्या बोरीला याच परंपरेतील हत्यारे मिळाली आहेत. बोरीला तर ती ज्वालामुखीच्या राखेच्या थराच्या सान्निध्यात मिळाल्याने त्यांच्या वयाचा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ गाजला. या प्रदीर्घ काळात हत्याराच्या मूळ कल्पनेत फारसा बदल झाला नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ही हत्यारे घडवणारे आजच्या मानवाचे पूर्वज दोन पायांवर चालत होते, त्यांचे हात मोकळे होते, पुढेपुढे त्यांना अग्नीचाही उपयोग करता येऊ लागला, आणि शिजवलेल्या अन्नातून कमी श्रमात अधिक पोषण मिळू लागले. तरीही लाखो वर्षे माणूस हा इतर प्राण्यांमधला एक प्राणी होता, जो कधी शिकार करी, कधी मोठ्या श्वापदांनी टाकलेल्या सांगाड्यांवर गुजराण करी, आणि पुष्कळदा स्वतःच शिकार होई. ‘माणसाने हत्यार हाती घेतले आणि तो सृष्टीचा स्वामी झाला’ हे शालेय चित्र म्हणूनच अपुरे ठरते.

खरा पालट झाला तो फार उशिरा. आजच्या मानवजातीचे, म्हणजे होमो सेपियन्सचे, सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे मिळाले असून ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. या जातीच्या टोळ्या आफ्रिकेबाहेर पडून आशियाभर पसरल्यानंतर भारतात जी हत्यारे ठळकपणे दिसू लागतात, ती आकाराने आश्चर्य वाटावे इतकी लहान आहेत. त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. गारगोटी, अकीक किंवा चर्ट यांसारख्या कठीण व गुळगुळीत दगडाचा गाभा तयार करायचा, त्यावर नेमक्या कोनातून दाब किंवा आघात देऊन बोटाच्या पेराएवढी पातळ पाती काढायची, त्यांची एक बाजू बोथट करायची आणि लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ती डिंकाने ओळीने बसवायची, अशी ही पद्धत होती. एखादे पाते तुटले तर संपूर्ण हत्यार टाकून द्यावे लागत नसे, तेवढेच पाते बदलता येत असे. आणि त्याच पात्यांपासून बाण, भाला, विळा, सुरी असे काहीही घडवता येत असे. मात्र अशा हत्यारामागे दगड, लाकूड आणि डिंक या तिन्हींचे ज्ञान एकत्र यावे लागते, आणि ते एका माणसाच्या आयुष्यात नव्याने शोधता येण्याजोगे नाही. ते थोरांकडून धाकट्यांना शिकवले गेले पाहिजे आणि शेजारच्या टोळीकडूनही मिळाले पाहिजे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आहेत, ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. पोट भरण्याशी संबंध नसलेली वस्तू घडवून अंगावर बाळगणारा समाज खुणांची भाषा जाणणारा, आपला कोण आणि परका कोण हे दुरून ओळखू शकणारा समाज असतो. माणसाच्या वर्चस्वाचे मूळ दंडाच्या बळापेक्षा या शिकण्या-शिकवण्यात आणि अनोळखी माणसाशी नाते जोडण्यात आहे, असेच हा पुरावा सांगतो.

साष्टीतही अशी हत्यारे मिळाली आहेत. टॉड यांनी मार्वे, एरंगळ अशा किनाऱ्यालगतच्या जागांवरूनही सूक्ष्मास्त्रे गोळा केली आणि १९५० साली ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकात त्यांचे वर्णन केले. मात्र तो प्राचीन किनारा आजच्यासारखा नव्हता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमकालाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती आणि मुंबईचा किनारा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकलेला होता, त्यामुळे साष्टीच्या टेकड्या तेव्हा बेट नसून एका विस्तीर्ण मैदानाच्या काठावरील उंचवटा होत्या. एकोणिसाव्या शतकात माझगावला प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली मुळांसह उभे असलेले खैराचे बुंधे निघाले, ते भूमी आणि सागराच्या अशाच एका उलथापालथीचे साक्षीदार होत. त्या काळातील माणसांच्या कित्येक वस्त्या आज अरबी समुद्राच्या तळाशी असणार.

माणसाच्या प्रसाराची जगभरची कहाणी मात्र सर्वत्र सारखी नाही. ऑस्ट्रेलियात आणि नंतर अमेरिकेत माणूस पोहोचल्यावर तेथील बहुसंख्य महाकाय प्राणी नाहीसे झाले. त्यात हवामानाचा वाटा किती आणि शिकारीचा किती हा वाद चालू असला, तरी माणसाचा हात त्यात होता हे नाकारता येत नाही. भारतीय उपखंडात मात्र विलोपाचे प्रमाण पुष्कळ कमी राहिले. येथून पाणघोडा आणि शहामृग गेले, महाकाय हत्तींच्या जाती गेल्या, पण हत्ती, गेंडा, गवा, वाघ आणि बिबट्या टिकले. याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण असे की, येथील प्राणी लाखो वर्षे कोणत्या ना कोणत्या मानवजातीच्या सहवासात वाढले होते आणि या दोन पायांच्या शेजाऱ्याला चुकवण्याची सवय त्यांच्या अंगी मुरली होती. रत्नागिरी जिल्ह्याच्या जांभ्या सड्यांवरील कातळशिल्पांत, ज्यांना २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत स्थान मिळाले, कशेळीचा भव्य हत्ती आहे आणि कोकणात आज कुठेही न आढळणारा गेंडाही कोरलेला आहे. ती चित्रे कोरणाऱ्यांनी या प्राण्यांकडे केवळ मांस म्हणून पाहिले असेल, हे संभवत नाही.

माणूस आणि श्वापद यांच्या या सहवासाच्या दृष्टीने आरे कॉलनीचे महत्त्व फार मोठे आहे. शहरातील म्हशींचे तबेले हलवण्यासाठी १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली. परंतु त्याआधीपासून या टेकड्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे होते आणि आज त्यांची संख्या २७ सांगितली जाते. या लोकांना अश्मयुगाचे अवशेष समजणे ही घोर चूक होईल, कारण ते आपल्याइतकेच आजचे आहेत. मात्र हिंस्र श्वापदाच्या शेजारी राहण्याचे जे शहाणपण अन्यत्र पुसले गेले, ते त्यांच्या आचारात टिकून आहे. आश्विन वद्य द्वादशीला महाराष्ट्र वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, त्याच तिथीला वारली समाज वाघबारस साजरी करतो आणि वाघदेवापुढे नारळ ठेवतो. जिथे गोठे आहेत तिथेच वाघदेवाचे ठाणे आहे, आणि लगतच्या राष्ट्रीय उद्यानासह या परिसरात २०१८ च्या पाहणीत ४७ बिबट्यांची नोंद झाली. सव्वा कोटींच्या शहरात हे घडते, याला जगात फार थोड्या जागांची तोड आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि पुढे ८१२ एकर जमीन राखीव वन ठरली. या वृक्षतोडीवरून झालेल्या वादात झाडांविषयी आणि बिबट्यांविषयी पुष्कळ बोलले गेले, जमिनीच्या पोटातील पुराव्याविषयी जवळजवळ नाही. टॉड यांनी पाहिलेल्या कांदिवलीच्या जागा आज इमारतींखाली गेल्या आहेत. पोकलेनचा एक दिवस लाखो वर्षांचा थर उलटवायला पुरतो आणि उलटलेला थर पुन्हा वाचता येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाने गेल्या दशकात साष्टीच्या समन्वेषणाचे काम हाती घेतले होते. तशीच पद्धतशीर पाहणी आरेच्या टेकड्यांची, मिठीला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठांची आणि पाड्यांतील वृद्धांच्या स्मृतींचीही व्हायला हवी. यापुढे येथे कोणताही पाया खोदण्यापूर्वी ती पाहणी राज्य पुरातत्त्व विभागाने सक्तीची करावी.